शालनबाईंचा चेतनगुणोक्तीचा पाठ

शालनबाई आमच्या गावात शिकवायला आल्या तेव्हा गावाने आधी त्यांची पाचवारी साडी पाहिली, मग कपाळावरचं कुंकू पाहिलं, आणि मग या कुंकवाचा धनी कुठं असतो याची चौकशी सुरू केली. धनी मुंबईला गिरणीत होता आणि त्याने तिथंच दुसरं बिऱ्हाड थाटलं होतं. ही बातमी बाईंच्या ट्रंकेच्या आधी गावात पोचली. आमच्या गावाला वर्तमानपत्र कधी लागलंच नाही.

हे छप्पन्न-सत्तावन्न सालातलं सांगते आहे. तळवड्याच्या पुढं आमचं गाव. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता आणि गावातली तरणी पोरं भाड्याच्या सायकली काढून तिकडं काही काम मिळतंय का बघायला जायची. बाईंची म्हातारी आई चिंचवडच्या गावठाणात एका खोलीत अंथरुणाला खिळलेली होती. तिला बघणारं दुसरं कुणी नव्हतं. बाई शनिवारी शाळा सुटली की चालत चिंचवडला जायच्या आणि सोमवारी पहाटे निघून घंटेच्या आधी शाळेत हजर व्हायच्या. चाल अशी की पुरुष मागं पडावेत. आवाज घोगरा. आणि राग आला की पट्टी नाही उचलायच्या, नुसत्या गप्प बसायच्या. त्यापेक्षा पट्टी परवडली असती.

बाई हंगामी होत्या. वर्षअखेरीस तपासणीचे साहेब येणार, त्यांच्यासमोर बाई एक पाठ घेणार, तो साहेबांना पसंत पडला आणि गावच्या शाळा समितीचे अध्यक्ष दौलतराव यांनी मान हलवली, की बाई कायम. नाहीतर ट्रंक उचलून चिंचवडला, आणि तिथं खाणार काय हा प्रश्न. हे सगळं आम्हा पोरांनाही पाठ होतं, कारण हेडमास्तर दिवसाआड बाईंना ऐकवायचे, "बघा हं शालनबाई, पाठावर सगळं आहे." जसं काही त्या विसरणार होत्या.

आम्ही सहावीत होतो. वर्गात मुली दोघीच, मी आणि छबू. छबू ही दौलतरावांची मुलगी. अंगाने किरकोळ, कायम काहीतरी ऐकत असल्यासारखी मान एका बाजूला कललेली. बोलायची कमी. तिची आई यशोदा दोन वर्षांपूर्वी गेली होती. गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत ती सकाळी सापडली. पंचनाम्यात पाय घसरला असं लिहिलं गेलं. गावात मात्र मोठी माणसं हळू आवाजात वेगळंच म्हणायची, की तिला विहिरीनं बोलावलं. ती विहीर तशीच आहे, तिला बाई लागते, ती हाक मारते आणि जिला हाक मारली ती जाते. आणि हे पोरांनी कधीही तोंडातून काढायचं नाही. 'विहीर' आणि 'हाक' हे दोन शब्द ज्याच्या तोंडी एकत्र आले, त्याची पुढची पाळी. आम्ही त्या वाटेने जाताना तोंड घट्ट मिटून पळत सुटायचो. आता वाटतं, काय सोयीचा नियम होता! विहिरीचं नावच काढायचं नाही म्हटल्यावर पुढचं कोण विचारणार?

बाईंची अलंकार शिकवायची रीत निराळी होती. व्याख्या त्या शेवटी सांगायच्या. आधी म्हणायच्या, "घरी जा आणि कान उघडे ठेवा. तुमच्या आया, आज्ज्या, चावडीवरचे म्हातारे दिवसभर अलंकार बोलतात आणि त्यांना पत्ता नसतो. जे ऐकाल ते उद्या सांगा." मग दुसऱ्या दिवशी वर्गात नुसता बाजार भरायचा. माझी आई म्हणाली, आज भाकरी रुसली, फुगंना. एकाचा बाप म्हणाला, गाडीचं चाक रडतंय, वंगण द्या. एकाच्या आजीच्या गुडघ्यात दुखणं मुक्कामाला आलं होतं. बाई प्रत्येकाला उभं करून विचारायच्या, "भाकरीला राग असतो का? मग राग कुणाला आला होता? आईला ना?" आम्ही हसायचो. माझी आई त्या दिवशी खरंच वडिलांवर चिडलेली होती, हे बाईंनी घरी न येता ओळखलं. निर्जीवाला जिवंत माणसासारखं वागवलं की ती चेतनगुणोक्ती, हे मग फळ्यावर यायचं. छबू या बाजारात कधी काही घेऊन आली नाही. ऐकायची मात्र सगळं.

पाठासाठी बाईंनी पुस्तकातली जुनी कविता निवडली, संध्याकाळची. आमच्या आजोबांच्या वेळेपासून ती शिकवत आलेत म्हणे. पहिलं कडवं असं होतं:

दमला वारा पायरीवरी बसला टेकुन पाठ,
दिवा सांगतो अंधाराला, सोड घराची वाट.

हे बाईंनी आमच्याकडून घोटून घेतलं. कोण कुठला अलंकार सांगणार, कोण दुसरं उदाहरण देणार, सगळं झालं. दुसऱ्या कडव्यावर मात्र त्या थांबल्याच नाहीत. एकदा वाचून दाखवलं, अर्थ सांगितला आणि पान उलटलं. छबूच्या आईचं त्यांना कळलेलं होतं. त्या कडव्यात विहीर होती, आणि तिची हाकही.

तपासणीचा दिवस उजाडला. शाळा सारवली, दाराला आंब्याच्या डहाळ्या लावल्या, आम्हाला तेल लावून चापूनचोपून बसवलं. साहेब चिंचवड स्टेशनवरून युसुफभाईच्या टांग्यातून आले. युसुफभाई चाकणचा. आठवड्यातून एकदा आमच्याकडे मीठमिरची, बांगड्या, काचसामान घेऊन यायचा आणि अडीअडचणीला टांगा भाड्यानं द्यायचा. साहेबांना सगळे नानासाहेब म्हणत. गोरे, घामाघूम, तसे माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर, दाराला लागून, दौलतराव बसले. नवा फेटा, हातात काठी, आणि चेहरा असा की शाळा त्यांच्याच परड्यात बांधलेली आहे.

बाईंनी पाठ सुरू केला. त्यांच्या कपाळावर घाम होता पण आवाज हलत नव्हता. पहिलं कडवं सुरेख झालं. वारा खरंच दमतो का? नाही. पाठ टेकून कोण बसतं? माणूस. मग कवीने काय केलं? बाकावरून उत्तरं फटाफट आली. साहेब मान डोलवायला लागले. हेडमास्तरांनी तर दारातून बाईंकडे बघून डोळे मिटून घेतले, झालं म्हणून. मला वाटलं, बाई कायम झाल्या.

तेवढ्यात साहेबांनी हात वर केला. "छान. पण हे पढवलेलं दिसतंय," ते हसत म्हणाले. "पुढचं कडवं घेऊ. तू रे, तिसऱ्या बाकावरचा, म्हण."

तो मुलगा उभा राहिला. पुढचं कडवं त्याला येत होतं, पुस्तकातून वाचून आम्हा सगळ्यांनाच येत होतं. पण तोंड उघडेना. साहेबांनी दुसऱ्याला उठवलं. तो खाली बघत राहिला. तिसरा, चौथा. सगळे मूग गिळून उभे. मला उठवलं तेव्हा माझीही जीभ टाळ्याला चिकटली. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. त्यांना वाटलं, एक कडवं पाठ करून घेतलं आणि बाकी वर्ग ठोंब्या. दुसरं काय वाटणार? त्यांना कुणी सांगितलं होतं की आम्ही मरणाला भिऊन गप्प आहोत?

"बाई, हे काय?" ते म्हणाले.

बाई वर्गाकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं आम्ही का गप्प आहोत. सांगता येत नव्हतं, कारण सांगायचं म्हणजे दौलतरावांच्या तोंडावर सांगायचं. "साहेब, दुसरी कविता घेऊ का?" त्या म्हणाल्या.

"नको. मला हीच हवी."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. बाईंची म्हातारी आई मी एकदा पाहिली होती, ती आठवली.

आणि छबूने हात वर केला.

ती कधीच हात वर करत नसे. साहेबांनी खूण केली तशी ती उभी राहिली आणि एकही शब्द न अडखळता तिने म्हटलं:

विहीर अपुल्या खोल गळ्याने घाली हाक कुणास,
घागर घेउन येता कोणी पाणी घेई श्वास.

मागच्या बाकावर कुणीतरी "अगं आई" म्हणून पुटपुटलं. बाईंना वाचवायला ही उठली हे माझ्या लक्षात आलं. दौलतराव खाकरले. साहेब मात्र खूश झाले.

"शाब्बास! आता सांगा, विहीर खरंच हाक मारते का?"

"व्हय जी, मारती," मागचा एक मुलगा म्हणाला. त्याला राहवलंच नाही.

साहेब हसले. मग कुणीच हसत नाही हे बघून त्यांचं हसणं अर्ध्यात राहिलं. "अरे, मारते म्हणजे? कुणाला मारली?"

सगळा वर्ग छबूकडे वळला. त्या बिचाऱ्या साहेबांना काय ठाऊक? त्यांनी तिलाच विचारलं, "तू सांग बाळ. मारते का विहीर हाक?"

"छबे, बस खाली," दौलतराव म्हणाले. हळूच म्हणाले, पण काठी सरळ झाली.

छबू बसली नाही. ती बापाकडे बघतही नव्हती. ती बाईंकडे बघत होती, रोज वर्गात उत्तर देताना पोरं बघतात तशी.

"न्हाई मारत," ती म्हणाली. "हीर जित्ती न्हाई. तिला त्वांड न्हाई. माझ्या आयला हिरीनं न्हाई बोलावलं. आज्जीनं आन बानं तिला भाईर काढली आन कडी लावली. लई येळ दार वाजवीत हुती. मी आत हुते. मग वाजायचं थांबलं. आन गाव म्हंतं, हिरीनं बोलावलं. आमच्या घरातबी तसंच म्हंत्यात. ती चेतनगुणोक्ती हाय."

दौलतरावांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. त्यांची आई अंबूबाई, म्हणजे छबूची आजी, हिला गाव जेवढं घाबरायचं तेवढं त्या विहिरीलाही घाबरत नसे. आता हे तिच्या कानावर जाणार, आणि संध्याकाळी ही पोर त्याच घरात परत जाणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

"पोरीचं डोस्कं फिरलंय साहेब," दौलतराव उभे राहून म्हणाले. "आई गेल्यापासनं आसंच बरळती. बाई, सांगा की साहेबांना. चुकलं म्हणून सांगा आन फुडं चला."

नानासाहेबांनी रुमालाने मान पुसली. ते गडबडून गेले होते. खरं सांगायचं तर त्यांनी बाईंना वाटच काढून दिली. "बाई, मुलीला प्रश्न समजलेला दिसत नाही," ते म्हणाले. "उत्तर चूक धरू या आणि हा विषय इथंच सोडू या. पाठ बाकी चांगला झालाय. अध्यक्षांचीही हरकत नसेल."

"माझी काय हरकत?" दौलतराव म्हणाले. "चूक म्हणा, आन बाई आमच्याच."

एवढंच करायचं होतं. 'चूक' हा एक शब्द. कायमची नोकरी, आईचं औषधपाणी, दर महिन्याचं पोट, सगळं त्या शब्दाच्या पलीकडे ठेवलेलं होतं. मी बाईंच्या जागी असते तर काय केलं असतं ते मला माहीत नाही, आणि आपल्याला माहीत आहे असं जे सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

बाई फळ्याकडे वळल्या. कवितेतली उदाहरणं फळ्यावर होती, वारा आणि दिवा. त्यांच्याखाली त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विहिरीने बोलावले.' त्याच्यापुढे अलंकाराचं नाव लिहिलं. खडू मोडला. अर्धा तुकडा खाली पडला, तो त्यांनी उचलला नाही.

"उत्तर बरोबर आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "छबू, बस बाळ."

दौलतराव काठी घेऊन दोन बाकांच्या मधून पुढे आले. "पोर माझी हाय. चल गं घरी!"

इथं नानासाहेबांनी एक गोष्ट केली, ती मी त्यांच्या नावावर जमा धरते. ते मध्ये उभे राहिले. "शाळा सुटेपर्यंत मुलगी शाळेच्या ताब्यात आहे," ते म्हणाले. "तुम्ही आता जा." सरकारी माणसावर काठी उगारण्याएवढे दौलतराव खुळे नव्हते. त्यांनी बाईंकडे बघून एक शिवी घातली आणि आईला सांगायला घरी गेले.

ते वळणावरून दिसेनासे झाले तशा बाई छबूजवळ आल्या. "दप्तर घे," त्या म्हणाल्या. "तुझा मामा चाकणला बाजारात कांद्या-बटाट्याची आडत करतो ना? त्याच्याकडे जायचं आपण."

"बाई," साहेब म्हणाले, "शाळा चालू असताना तुम्ही अशा मुलीला घेऊन बाहेर पडलात तर मला तसं लिहावं लागेल. मग माझ्याही हातात काही राहत नाही. विचार करा."

"सुटेपर्यंत थांबले तर तिला घ्यायला सगळी भावकी दारात असेल. तुम्ही लिहा साहेब."

हेडमास्तर दारात हात जोडून उभे होते, बाईंना की देवाला ते कळलं नाही. बाई त्यांच्या बाजूने बाहेर पडल्या. आम्ही खिडकीला चिकटलो. लिंबाखाली युसुफभाई घोड्याला पाणी पाजत होता. बाई त्याच्याशी काहीतरी बोलल्या. त्याने छबूकडे पाहिलं, शाळेकडे पाहिलं, आणि घोडा जुंपला.

"हा टांगा माझ्यासाठी थांबवलाय!" साहेब खिडकीतून ओरडले.

"सायेब, तुम्ही मर्दमाणूस, चालत जाल," युसुफभाई म्हणाला. "ही पोरगी न्हाई जाऊ शकत." आणि त्याने लगाम ओढला.

टांगा ओढ्यापाशी पोचतो न पोचतो तोच अंबूबाई उघड्या डोक्याने शाळेच्या मैदानात आली. मागून दौलतराव आणि चार माणसं. तिने जे तोंड सोडलं ते इथं लिहिण्याजोगं नाही. टांग्याच्या मागं माणसं धावली, पण उताराचा रस्ता होता आणि घोडं ताजं होतं. आम्ही खिडकीतून बघत होतो. पलीकडच्या चढावर टांगा दिसला, मग धुरळा दिसला, मग तोही बसला.

मामाने भाचीला ठेवून घेतलं. बहिणीचं काय झालं हे त्याला आतून माहीतच होतं, फक्त कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. दौलतराव चार माणसं घेऊन चाकणला गेले होते, पण भर बाजारात मामाने विचारलं, "कडी कुणी लावली?" आणि ते परत आले. शिक्षा कुणाला झाली नाही. पंचनामा होता, दोन वर्षं गेली होती, साक्षीदार एक पोर. दौलतराव पुढेही अध्यक्ष राहिले. जगात असंच चालतं, आणि त्याची चीड मला अजून येते. पण विहिरीनं बोलावलं असं पुन्हा आमच्या गावात कुणी म्हटलं नाही.

बाईंना पुन्हा कुठल्या शाळेने घेतलं नाही. शाळा चालू असताना मुलगी पळवली, असा शेरा बसल्यावर कोण घेणार? त्या पिंपरीच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं चिकटवायच्या कामाला लागल्या आणि तिथंच राहिल्या. आई पुढच्याच वर्षी गेली. छबू मामाकडे राहून सातवीची फायनल पास झाली आणि भोसरीला दिली. दर दिवाळीला ती बाईंकडे फराळाचा डबा घेऊन जायची. मी लग्न होऊन चिंचवडला आले तेव्हा मीही जायला लागले.

एकदा मी बाईंना विचारलंच. त्या शिफ्टवरून येऊन तांदूळ निवडत होत्या. बोटांच्या टोकांना खळ वाळून पांढरी झालेली. मी म्हटलं, "बाई, त्या दिवशी नुसतं चूक म्हणाला असता, आणि नंतर छबूला गुपचूप तिच्या मामाकडे पोचवलं असतं, तर? नोकरी राहिली असती."

बाईंनी सूप खाली ठेवलं.

"तिला बापाने खोटं पाडलं होतं," त्या म्हणाल्या. "आजीने पाडलं, सगळ्या गावाने पाडलं. मग ती उठून माझ्याकडे बघत होती. दुसरं कोण उरलं होतं गं तिला?"